सिटी स्कॅन शोधणारा शेतकऱ्याचा पोरगा

मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला की आपल्याकडं लगेच विचारतात, सिटी स्कॅन केलं का? शहरात होतं म्हणून ‘सिटी’, असं आमच्या गावात बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर सी आणि टी ही दोन अक्षरं आहेत, कॉम्प्युटेड टोमोग्राफी. काकडी न कापता तिच्या चकत्या दिसाव्यात, तशी एक्स-रे आणि कॉम्प्युटरच्या हिशेबानं काढलेली शरीराच्या आतली चित्रं. हे मशीन बनवणारे सर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचा 12 ऑगस्टला स्मृतिदिन असतो.

जन्म 28 ऑगस्ट 1919, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरचा. वडील शेतकरी, पाच भावंडांत हे शेंडेफळ. शाळेत गणित अन् विज्ञान सोडलं तर मन रमेना, जीव सगळा शेतातल्या मळणी यंत्रात. गवताच्या गंजीवरून घरी बनवलेल्या ग्लायडरनं उडी मारली. युद्धात हवाई दलात रडारचं काम शिकले. पुढं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, विद्यापीठाची पदवी नाहीच. नोकरी ईएमआय कंपनीत. कुत्र्याच्या चित्राच्या एचएमव्ही रेकॉर्डी जुन्या लोकांना आठवत असतील, त्या याच कंपनीच्या.

पेटी न उघडता चहूबाजूंनी मापं घेऊन आत काय आहे ते सांगता येईल का, हा विचार त्यांच्या डोक्यात 1967 ला आला. पहिल्या प्रयोगाला एका चित्राची मापं घ्यायला नऊ दिवस लागले. खाटकाकडून जनावराचा मेंदू आणून त्यावरही प्रयोग केले. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात एका बाईच्या डोक्याचं स्कॅन झालं, मेंदूतली गाठ स्पष्ट दिसली. त्याआधी कवटीच्या आतलं असं दिसतच नव्हतं. 1979 ला ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. लग्न केलं नाही. 2004 ला गेले.

आता आपल्याकडचा घोळ. सोनोग्राफी, एमआरआय, सिटी, सगळ्याला आपण ‘स्कॅन’च म्हणतो. आमच्या घरात एकदा दुसऱ्या डॉक्टरला स्कॅन झालंय म्हणून सांगितलं, निघाली सोनोग्राफी. अर्धा दिवस गेला. सोनोग्राफी अन् एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो, सिटीत असतो. म्हणून बाई गरोदर असेल तर आधी सांगावं लागतं. फिल्म अन् रिपोर्ट दोन्ही सोबत न्या.

रिपोर्टात कुठं कुठं आकड्यापुढं एचयू लिहिलेलं असतं. ते हाउन्सफिल्ड युनिट. पाणी शून्य, हवा उणे हजार.