रेव्हरंड टिळक : अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे

नाताळच्या पर्वात महाराष्ट्रातील ख्रिस्तमंदिरांतून जी मराठी भजने म्हटली जातात, त्यांतील कितीतरी भजनांचा कर्ता एक कोकणस्थ ब्राह्मण, शास्त्र्यांच्या घरी संस्कृत शिकलेला पंडित होता. नारायण वामन टिळक हे त्याचे नाव. लोकमान्यांचे आडनाव तेच, काळही तोच. पण वाटा निराळ्या. शाळेत फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. मात्र त्यांच्या धर्मांतराचा विषय निघाला की आपल्या घरांतून अजूनही एक अवघडलेपण येते. ते आम्हांस कळते. तरीही आजच्या दिवशी हे चरित्र सांगावेसे वाटते, कारण स्वधर्म सोडून गेलेल्या या पुरुषास स्वतःची खरी ओळख पटली ती आपल्याच संतांच्या अंगणात.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. मातुलगृही विष्णुभक्तीचे वातावरण, आई काव्यवेडी, वडील मात्र कमालीचे कठोर. मातृछत्र बालपणीच हरपले आणि घर परके झाले. मुलगा नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला जवळ केले, संस्कृत शिकविले, काव्याची गोडी लाविली. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची अकरा वर्षांची मनकर्णिका लक्ष्मीबाई होऊन त्यांच्या घरी आली. पुढे कोठे शिक्षकी, कोठे पुराण-कीर्तन, कोठे छापखान्यातील चाकरी, अशी भ्रमंती चालली. कोणत्याही गावी पाय म्हणून ठरला नाही. अंगी गुण थोर. पण ते कोणत्या चरणी वाहावयाचे हे ठरत नव्हते. चंचलपणाचा ठपका आपण त्यांच्यावर सहज ठेवू. आम्हांस ती एका शोधणाऱ्या जिवाची तळमळ वाटते.

नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना तेव्हापासूनच छळीत होता. नवा पंथच काढावा असे मनात घेऊन त्याची तत्त्वेही त्यांनी योजिली होती. अशा अवस्थेत १८९३ साली राजनांदगावाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. परंतु वाचता वाचता ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले. आपण कल्पिलेल्या धर्माची तत्त्वे तेथे एका देहधारी पुरुषाच्या आचरणात उतरलेली त्यांना दिसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या पाद्र्याऐवजी एका देशी उपदेशकाच्या हातून.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. या निर्णयाचे मोल टिळकांनी एकट्याने दिले नाही. घरी पत्नी होती, लहानगा दत्तू होता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नाही, संसार असून नाही, अशी त्यांची स्थिती झाली. या वियोगाच्या काळात त्या पोटच्या पोराला घेऊन आमच्या पंढरीतही राहिल्या. ज्या विठ्ठलाच्या नामाने टिळकांचे बालपण भिजले होते, त्याच्याच नगरीत त्यांची सहधर्मचारिणी पतीच्या धर्मांतराचे दुःख गिळीत होती. सत्याच्या शोधात निघालेल्या पुरुषांची चरित्रे सांगताना आम्ही कीर्तनकार मंडळी मागे राहिलेल्या स्त्रीला आख्यानाच्या कोपऱ्यात उभी करतो. हे योग्य नव्हे. चारपाच वर्षांनी त्या नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीपाशी गेल्या. गेल्या तरी सोवळेओवळे सोडले नाही, आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केलेला नाही, हे एके दिवशी त्यांच्याच विचाराने त्यांना उमगले आणि सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सारा वृत्तान्त त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत लिहिला. ज्या घरात तो ग्रंथ नसेल त्यांनी तो अवश्य आणावा.

आता ज्यासाठी हे आख्यान लावले तिकडे वळू. नगरच्या मिशनमध्ये टिळक शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रारंभीची काही वर्षे पाश्चात्त्य धाटणीच्या धर्मविचारात गेली. तेथे उपासनेत विलायती गीतांची भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. चाल एकीकडे ओढते, मराठी शब्द दुसरीकडे. जेथे स्वर लांबतो तेथे ऱ्हस्व अक्षर यावे आणि दीर्घ अक्षर घाईत गिळले जावे, असे ते गाणे. आयुष्यभर टाळ-मृदंगाच्या संगतीत वावरलेल्या माणसाला विचारा, अशाने भाव जिभेवरच अडकतो, काळजात उतरत नाही. टिळकांच्या कानाला हे खुपले. ते पुन्हा ज्ञानोबा-तुकोबांकडे वळले आणि त्यांच्या लक्षात आले की, जे मागे टाकून आलो असे आपण समजलो, तेच आपले बळ आहे. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते उघडपणे सांगत. मग अभंगांचा झराच फुटला. ख्रिस्त हा माउली झाला, सखा झाला, सद्गुरू झाला. नगरला ख्रिस्ती कीर्तनाची चाल त्यांच्या आधीपासून होती. पण टिळकांनी त्या परंपरेला जी काव्यसंपत्ती दिली ती अपूर्व होय. आज ख्रिस्ती उपासनेच्या संगीतसंग्रहात त्यांची शंभरांहून अधिक गीते आहेत.

त्यांच्या वात्सल्याला धर्माची कुंपणे नव्हती. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या कोवळ्या ठोमऱ्यांना, म्हणजे आपल्या बालकवींना, त्यांनी घरी नेऊन पुत्रवत् सांभाळिले. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. दारी आलेल्याला तो द्यावा आणि घरातील चूल लक्ष्मीबाईंनी कशी पेटवावी याची विवंचना त्यांच्यावरच सोडावी, हा क्रम शेवटपर्यंत चालला.

शेवटी मिशनचा पगारही त्यांना बंधन वाटू लागला. १९१७ साली तो सोडून ते साताऱ्यास राहिले आणि तेथे ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तेथे स्थान होते. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. वृत्ती संन्याशाची, वाणी अभंगाची, दैवत ख्रिस्त! स्वतःच्या मंडळींतही हे सर्वांना रुचले असेल असे नाही. धर्म बदलता येतो, परंतु मातृभूमीच्या मातीतून आलेला भक्तीचा पिंड बदलण्याचे कारण नाही, हे त्यांनी आचरून दाखविले. मात्र दरबारास आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

जाताना एक काम अपुरे राहिले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध गावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. सुमारे दहा अध्याय झाले होते. लेखणी हाती घेतली ती लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या या माउलीने साठांहून अधिक अध्याय रचिले. १९३६ साली त्याही गेल्या. १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला, तेव्हा त्यावर पतिपत्नी दोघांचीही नावे होती.