प्रमाणाचा माणूस : विल्हेल्म मायबाख

आमच्या कुरुंद्याचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते बहुधा नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. मला मात्र गाव म्हटलं की आधी कुरुंदा-वसमत रस्ता आठवतो आणि त्या रस्त्याच्या कडेला बंद पडलेली काकांची जुनी स्कूटर. त्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती!

दोष स्कूटरचा नव्हता, माझा होता. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, हे होस्टेलवरचं ज्ञान घेऊन मी सुट्टीत घरी गेलो होतो. कार्ब्युरेटर उघडला, पितळी जेट बाहेर काढला आणि त्याचं बारीक भोक थोडं मोठं केलं. पहिल्या दिवशी गाडी जोरात गेल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी धूर काळा झाला, ॲव्हरेज उतरलं. तिसऱ्या दिवशी वसमतला बस पकडायला निघालो तर गाडी मिसिंग मारू लागली आणि अर्ध्या रस्त्यात गप्प. प्लग काढून बघतो तर काजळीने काळाकुट्ट. बस गेली, परीक्षा बुडाली. काकांचं दूध दोन दिवस उशिरा पोचलं ते वेगळंच.

पुढच्या सेमिस्टरला तोच विषय पुन्हा द्यायचा होता, म्हणून या वेळी कार्ब्युरेटरचं प्रकरण नीट वाचलं. तिथे एक नाव भेटलं : विल्हेल्म मायबाख. मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांना मायबाख म्हणजे मोठ्या लोकांची महागडी गाडी एवढंच ठाऊक असतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. पण हा माणूस श्रीमंतांपैकी नव्हता हो, तो तर जवळपास आपल्यातलाच!

मायबाखचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन इथे झाला. वडील सुतारकाम करायचे. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. रॉइटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने गरीब मुलांसाठी आश्रम चालवला होता, तिथे या पोराची सोय लागली. म्हणजे वसतिगृहच की! आश्रमाचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. तिथे तो ड्रॉइंग शिकला आणि संध्याकाळच्या वर्गात गणित, भौतिकशास्त्र शिकला. पदवी नाही की कुठलं मोठं कॉलेज नाही.

1860 च्या दशकात त्या कारखान्यात गॉटलीब डाइमलर हा इंजिनिअर व्यवस्थापक म्हणून आला. मायबाखहून बारा वर्षांनी मोठा. त्याने या मुलाचा हात ओळखला आणि पुढे जिथे गेला तिथे त्याला सोबत नेलं. 1872 मध्ये दोघं निकोलाउस ओटोच्या डॉइट्झ कंपनीत गेले. ज्या फोर-स्ट्रोक सायकलचे डायग्राम आपण परीक्षेत काढतो, तिचं इंजिन ओटोने 1876 मध्ये चालवून दाखवलं. ते कारखान्यात बनवता येईल अशा रूपात आणण्याचं बरंचसं काम मायबाखच्या ड्रॉइंग बोर्डवर झालं.

1882 मध्ये ओटोशी बिनसल्यावर डाइमलर बाहेर पडला, पाठोपाठ मायबाखही. स्टुटगार्टजवळ कानश्टाट इथे डाइमलरच्या बागेतल्या काचघरात त्यांनी वर्कशॉप थाटलं. रात्रंदिवस आतून ठोकाठोकी ऐकू यायची. माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतात, आणि पोलीस येऊन बघून गेले, अशी गोष्ट सांगतात. सापडलं काय, तर छोटंसं इंजिन! त्या काळची इंजिनं मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे घ्यायची, यांचं सहाशेच्या घरात गेलं. 1885 मध्ये ते लाकडी दुचाकीवर बसलं.

पण इंजिन जोरात फिरायला लागलं तशी खरी अडचण समोर आली. हवेत पेट्रोल मिसळायचं कसं? सुरुवातीच्या पद्धतीत हवा पेट्रोलवरून किंवा पेट्रोलमधून नेत आणि उडालेली वाफ इंजिनात घेत. यात पेट्रोलचा हलका भाग आधी उडून जायचा, जड भाग मागे राहायचा. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त, रस्त्यात हेलकावे बसले की पुन्हा वेगळंच. म्हणजे मिश्रणाचं प्रमाण कोणाच्याच हातात नव्हतं.

यावरचा उपाय मायबाखने शोधला तो नोकरी नसताना. 1890 मध्ये डाइमलरची कंपनी भागीदारांच्या पैशावर उभी राहिली. मायबाखला दिलेल्या अटी त्याला मान्य झाल्या नाहीत आणि 1891 मध्ये तो बाहेर पडला. डाइमलरच्या पैशाच्या मदतीने त्याने कानश्टाटमधल्या हर्मन नावाच्या बंद हॉटेलच्या हॉलमध्ये काम चालू ठेवलं. तिथे 1893 च्या सुमारास त्याचा फवारा-कार्ब्युरेटर तयार झाला. बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या दोघांनीही त्याच सुमारास अशीच रचना केली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

कल्पना किती साधी! एका छोट्या भांड्यात फ्लोट पेट्रोलची पातळी कायम ठेवतो. पेट्रोलची नळी हवेच्या वाटेत उघडते आणि तिच्या तोंडाच्या किंचित खाली ही पातळी असते. पिस्टनने हवा ओढली की तिथला दाब उतरतो आणि पेट्रोल बारीक फवाऱ्याने उडतं. हवा जास्त ओढली तर पेट्रोलही जास्त. मोजमाप करणारं एकच, जेटचं ते बारीक भोक. मी जे मोठं केलं, तेच!

आता हिशोब बघा. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे 1 लिटर पेट्रोलला जवळजवळ 9,000 लिटर हवा! सर्वांत जास्त ताकद मिळते ती साधारण 12.5 ते 13 ला 1 या प्रमाणात. म्हणजे होस्टेलवरचं ज्ञान अगदीच खोटं नव्हतं. सिलिंडरमध्ये येणारी हवा ठरलेली असते. पेट्रोल थोडं जास्त असलं की त्या हवेतला ऑक्सिजन पुरेपूर वापरला जातो आणि वाफ होताना मिश्रण थंडही होतं. पण त्यापुढे गेलात की ऑक्सिजन संपतो. उरलेलं पेट्रोल ताकद देत नाही, धूर आणि काजळी देतं. मिश्रण फार पातळ झालं तरी ताकद जाते, वर इंजिन तापतं ते निराळं. जुन्या स्कूटरी आडव्या करून किक मारायचो आपण, आठवतंय? कार्ब्युरेटरमध्ये थोडं जादा पेट्रोल उतरावं म्हणूनच ते. थंड इंजिनला ते हवं असतं, पण सुरू होईपर्यंतच.

मायबाख 1895 मध्ये कंपनीत परतला. 1900 मध्ये डाइमलर वारला. त्याच वर्षी येलिनेक या धनिकाच्या मागणीवरून मायबाखने 35 अश्वशक्तीची गाडी उभी केली आणि तिला येलिनेकच्या मुलीचं नाव मिळालं : मर्सिडीज. तिच्या चार सिलिंडरना मिळून दोन कार्ब्युरेटर होते. मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना मागे टाकलं. गाडीवर नाव आलं ते मुलीचं, कंपनीवर डाइमलरचं. पुढे वाद वाढले आणि 1907 मध्ये मायबाखला कंपनी सोडावी लागली. साठी उलटलेल्या या माणसाने मग मुलगा कार्ल याच्यासोबत झेपेलिनच्या हवाई जहाजांच्या इंजिनांची कंपनी उभी केली. 1916 मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने आश्रमात वाढलेल्या या पदवीविना माणसाला मानद डॉक्टरेट दिली. मायबाख नावाच्या गाड्या 1921 पासून कार्लने काढल्या. 29 डिसेंबर 1929 रोजी विल्हेल्म गेला. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथेच तोही आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आता सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि इंजेक्टर त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. साधन बदललं, पण प्रश्न मायबाखचाच राहिला : हवा किती, पेट्रोल किती.

काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी नवा जेट आणला, प्लग घासून लावला आणि किक मारली. नंतर चावी परत माझ्याच हातात दिली. ती विश्वासाची चावी खिशात असताना मी तोंडी परीक्षा पुन्हा दिली. कार्ब्युरेटरवरच प्रश्न आला, आणि या वेळी भोकाचा आकार बरोबर सांगितला!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी