हेलन केलर : हापशाच्या गोष्टीनंतरची लढाई

हेलन केलर म्हटलं की हापशाची गोष्ट निघते. १८८७ साली अमेरिकेत ॲन सुलिव्हन बाईंनी या अंध-बहिऱ्या पोरीच्या एका हातावर पाणी सोडलं, दुसऱ्यावर बोटांनी 'पाणी' हा शब्द लिहिला. १९०४ मध्ये ती पदवीधर झाली.

खरी लढाई पुढची. अंधत्वाची कारणं शोधताना केलर यांना दिसलं, की कितीतरी गरिबांचे डोळे कारखान्यातल्या अपघातांनी अन् वेळेवर उपचार न मिळाल्यानं गेलेत. मग नुसती दया काय कामाची? १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षात गेल्या, संपकरी कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आधी कौतुक करणारी काही वर्तमानपत्रंच मग त्यांच्या अपंगत्वावर घसरली. त्या हटल्या नाहीत. १९५५ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या भारतातही येऊन गेल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचं निधन झालं.