वेडा कोण?

नांदगाव खंडेश्वरच्या शाखेत मी अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी पैसे काढायला आला. तरणा मुलगा रात्र रात्र झोपत नव्हता, एकटाच कुणाशी तरी भांडत होता. घरच्यांचं ठरलं होतं, बाहेरवासा आहे. पैसे बकऱ्यासाठी आणि भगतासाठी हवे होते. मी विड्रॉल पास केला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरात गाडगेबाबा होते.

बाबांना आपण खराट्यापुरतंच ओळखतो. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झिंगराजी परटाच्या घरी ते १८७६ साली जन्मले. नाव डेबूजी. घरात देवाला बकरं आणि दारू चढायची, प्रसाद म्हणून ती प्यायली जायची. झिंगराजीला ती सुटली नाही. आज डॉक्टर व्यसनाला मनाचा आजार म्हणतात. तेव्हा ती देवाची रीत होती, आणि देवाच्या रीतीवर औषध कोण शोधणार? झिंगराजी गेला. लहानगा डेबू आईबरोबर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडे आला. गुरं राखली, शेती केली. शाळा पाहिली नाही. पुढे लेकीच्या बारशाला त्यानं मटण-दारू बंद करून गोड जेवण घातलं. भाऊबंद बिथरले.

१९०५च्या फेब्रुवारीत एका रात्री डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. गावात शिरले की कुत्री भुंकत, पोरं दगड मारत. वेडा आला! वेडा गाव झाडायचा, लाकडं फोडायचा, भाकरीपुरतं काम करून पुढे जायचा. त्याच गावांत खरोखर मन बिघडलेली माणसं असणारच. त्यांना कुणी वेडं म्हणत नसे. बाई असेल तर अंगात देवी आली, पोरगा असेल तर कुणी करणी केली. लिंबू, उतारा, अंगारा, नाहीतर झाडाला बांधून मार. शहाण्याला दगड आणि आजाऱ्याला भगत, असा तो हिशेब होता.

बाबा रात्री कीर्तनाला उभे राहत ते याच लोकांपुढे. अस्सल वऱ्हाडीत साधेसुधे प्रश्न विचारत. नवसानं पोरं होत नाहीत, बकरं कापून दुखणं जात नाही, हे लोकांच्याच तोंडून वदवून घेत. देवाची टिंगल नसे. देवाच्या नावावर चालणाऱ्या धंद्याची असे. आजाऱ्याला औषध, हे त्यांच्या शिकवणुकीतलं एक कलमच होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. स्वतः तिथे वस्तीला राहिले नाहीत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले.

तो शेतकरी वर्षभरानं पुन्हा आला. मुलाला नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यायचं होतं. ते तर १८६४ सालापासून तिथेच उभं आहे. मी लेजर उघडलं. खात्यात तीनशे बारा रुपये उरले होते.