कॉर्नेलिस ड्रेबेल आणि स्वतःस आवरणारा अग्नि

हॉलंड देशांतील आल्कमार ह्या गांवीं इ. स. १५७२ त कॉर्नेलिस ड्रेबेल ह्याचा जन्म झाला. विद्यापीठाचें शिक्षण त्यास लाभलें नाहीं. तरुणपणीं हार्लेम येथें हेंड्रिक गोल्ट्सियस ह्या नामांकित कलावंताच्या हाताखालीं तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरावयास शिकला व पुढें त्याच्याच बहिणीशीं विवाहबद्ध झाला. परंतु त्याचें मन खरें रमे तें पंप, घड्याळें आणि भट्ट्या ह्यांत.

१६०४ च्या सुमारास तो इंग्लंडांत गेला. तेथें त्यानें राजा पहिला जेम्स ह्यास आपोआप चालणारें एक अद्भुत यंत्र दाखविलें. हवेची उष्णता व दाब बदलला म्हणजे काचेंत कोंडलेला द्रव हाले, एवढेंच त्यांतील रहस्य. पण दरबारी मंडळींनीं त्यास जादूगार ठरविलें. ही कीर्ति ऐकून सम्राट् दुसरा रुडॉल्फ ह्यानें १६१० त त्यास प्राग येथें बोलाविलें. पुढल्याच वर्षीं सम्राटाची सत्ता त्याच्या भावानें हिरावून घेतली, आणि ड्रेबेलच्या वांट्यास तुरुंगवास आला! तेथून सुटून १६१३ त तो लंडनला परतला. १६२० च्या सुमारास थेम्स नदींत त्यानें वल्ह्यांनीं चालणारी पाणबुडी नौका चालवून दाखविली. आज त्याचें नांव निघतें तें बहुधा ह्या नौकेमुळें.

आमच्या मतें त्याची भट्टी अधिक मोलाची. कोंबडीवांचून अंडीं उबवावयाचीं तर सुमारें २१ दिवस अहोरात्र जवळ जवळ ३८ अंश सेल्सिअस उष्णता टिकली पाहिजे. आपल्याकडे बंबांतलें पाणी फार तापूं लागलें म्हणजे घरांतील जाणतें माणूस लांकूड मागें ओढतें; पण तीन आठवडे रात्रंदिवस बंबापाशीं कोण बसणार? ड्रेबेलनें अंड्यांची पेटी दुहेरी भिंतींची केली व भिंतींच्या मध्यें पाणी भरलें. खालीं विस्तव होता. त्याचा धूर पेटीभोंवतून जाऊन वरच्या छिद्रानें बाहेर पडे. त्या पाण्यांत त्यानें मद्यार्कानें भरलेलें एक काचेचें पात्र बुडविलें व त्याच्या वांकड्या नळींत पारा घातला. पाणी अधिक तापलें कीं मद्यार्क फुगे, पाऱ्यास वर ढकली, पारा आपल्यावर टेकलेली काडी उचली, आणि त्या काडीस जोडलेल्या तरफेनें धुराच्या छिद्रावरील झांकण मिटूं लागे. ओढ कमी झाली म्हणजे विस्तव मंदावे. पाणी निवलें कीं मद्यार्क आंखडे, पारा उतरे, झांकण उघडे आणि विस्तव पुनः धगधगूं लागे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्या काळीं उष्णता मोजण्याचें सर्वमान्य परिमाण नव्हतें. फॅरनहाइटचा पाऱ्याचा उष्णतामापक १७१४ चा. जी उष्णता अंकानें सांगतां येत नव्हती, ती ह्या पुरुषानें एका जागीं स्थिर धरून ठेविली.

ह्या शोधानें त्यास वैभव मात्र दिलें नाहीं. १६२८ त ला रोशेलच्या मोहिमेसाठीं त्यानें इंग्रज आरमारास स्फोटक साधनें करून दिलीं; ती मोहीम फसली. अखेरचीं वर्षें त्यानें लंडनमध्यें एक मद्यगृह चालवून कशीबशी काढलीं व १६३३ त तो वारला. आपल्या यंत्रांचें वर्णन लिहून ठेवण्याची त्यास फारशी हौस नव्हती. म्हणूनच भट्टीचें ज्ञान टिकलें तें मुख्यत्वेंकरून कुफ्लर आडनांवाच्या जांवयांमुळें. त्यांपैकीं एकाच्या लोखंडी भट्ट्या पाहावयास जॉन ईव्हलिन हा प्रसिद्ध रोजनिशीकार १६६६ त गेला होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बॉनमँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें अंडीं उबविण्यासाठींच नळ्यांतून ऊन पाणी खेळविलें, आणि विस्तव आवरण्याचें काम धातूच्या कांडीच्या लांबण्या-आंखडण्यावर सोंपविलें. ऊन पाण्यानें घरें उबदार ठेवण्याची रीति पुढें युरोपांत पसरली. थंड देशांत आज घरोघरीं बॉयलरनें तापविलेलें पाणी टाकींत सांठवितात. तें साधारणतः ६० अंश सेल्सिअस ठेवावें लागतें, कारण कोमट पाण्यांत लीजिओनेला नांवाचे रोगजंतु वाढतात. एवढ्या ऊन पाण्यानें अंग भाजतें, म्हणून पुष्कळ ठिकाणीं नळापूर्वीं थंड पाणी मिसळणारी झडप असते. टाकीच्या अंगाशीं थर्मोस्टॅट बसविलेला असतो. पाणी ठरलेल्या उष्णतेस पोंचलें कीं तो बॉयलरकडून येणारी उष्णता थांबवितो आणि निवलें कीं पुनः सुरू करितो. कित्येक थर्मोस्टॅटांत अजूनही एका बारीक नळींत कोंडलेला द्रव फुगतो व आंखडतो.