एनसीसीचा पाया घालणारे पंडित हृदयनाथ कुंझरू

आपल्या बेळगावातील मराठी घरांत पंडित हृदयनाथ कुंझरू हे नाव निघालेच, तर ते राज्य पुनर्रचना आयोगाच्या संदर्भात निघते. फाजल अली अध्यक्ष, कुंझरू आणि पणिक्कर सदस्य. या आयोगाने १९५५ साली दिलेल्या अहवालात चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकात घालण्याची शिफारस केली. पुढचे सारे आपण जाणतोच. त्यामुळे लहानपणी या नावाविषयी आमच्या मनात प्रेम असण्याचे काही कारण नव्हते.

पण कॉलेजात असताना रविवारी पहाटे उठून, खाकी गणवेशाला कडक इस्त्री करून, पट्ट्याचे पितळ ब्रासोने घासून आम्ही ज्या परेडला धावत जायचो, त्या एनसीसीचा आराखडाही याच गृहस्थांच्या समितीने आखला होता. हे मला फार उशिरा कळले. म्हणून त्यांच्या आयुष्याची थोडी ओळख करून देत आहे.

कुंझरूंचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ रोजी आग्र्यात काश्मिरी पंडित घराण्यात झाला. वडील पंडित अयोध्यानाथ हे नामवंत वकील आणि काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळातील पुढारी. मुलगा जेमतेम चार-पाच वर्षांचा असताना ते वारले. हृदयनाथांना वकिली करून पैसा मिळवणे अवघड नव्हते, पण त्यांनी वेगळी वाट धरली. नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात ते १९०९ साली दाखल झाले. स्वतःसाठी पैसा कमावायचा नाही आणि संस्था देईल त्यात संसार भागवायचा, ही तिथल्या सभासदाची शपथ. गो. कृ. देवधर यांच्यानंतर १९३६ साली ते या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत राहिले. म्हणजे पुण्याशी त्यांचे नाते जवळजवळ सत्तर वर्षांचे.

तरुणांना शिस्त आणि सेवेची सवय लागावी, ही त्यांची तळमळ जुनी. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय व श्रीराम वाजपेयी यांच्याबरोबर त्यांनी सेवा समितीचे बालवीर पथक उभारले. पुढे ते भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय आयुक्तही होते.

विद्यापीठांत लष्करी शिक्षण मात्र इंग्रजांच्या काळातच सुरू झाले होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली विद्यापीठांतून पथके उभी राहिली. १९२० च्या कायद्यानंतर त्यांना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर असे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला अधिकारी हवे होते, म्हणून १९४२ साली त्याचे युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर झाले. नाव मोठे झाले, पण अपेक्षित अधिकारी त्यातून मिळाले नाहीत. विद्यार्थ्यांची संख्या थोडी आणि शाळांतील मुले तर त्यात नव्हतीच. युद्धाच्या गरजेपुरती निघालेली ही योजना होती, देश घडवण्याचा विचार तिच्यामागे नव्हता.

१९४६ साली सरकारने कुंझरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मार्च १९४७ मध्ये अहवाल दिला. स्वातंत्र्य आणि फाळणी यांच्या धामधुमीतही तो कपाटात पडून राहिला नाही. एप्रिल १९४८ मध्ये एनसीसीचा कायदा झाला आणि जुलैत संघटना सुरू झाली. कॉलेजसाठी सीनियर आणि शाळांसाठी ज्युनियर असे विभाग झाले. मुलींसाठी स्वतंत्र विभागाची तरतूद कायद्यातच होती, आणि १९४९ पासून मुलीही परेडला उभ्या राहिल्या. १९५० मध्ये हवाई दल, १९५२ मध्ये नौदल शाखा आली. शिकवायला सैन्यातील उस्ताद आणि पथक सांभाळायला आपलेच प्राध्यापक. छात्राने सैन्यात गेलेच पाहिजे अशी सक्ती मात्र कायद्याने ठेवली नाही. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. ज्याला जायचे त्याला वाट आहे: आजही 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे मुलाखतीला जाता येते.

कुंझरू घटना समितीत होते, नंतर राज्यसभेत. प्रजासत्ताकात सरकारने पदव्या वाटू नयेत, असे त्यांचे मत होते. १९६८ साली त्यांना भारतरत्न देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. दुसऱ्यासाठी सांगितलेला नियम त्यांनी स्वतःलाही लावला. ३ एप्रिल १९७८ रोजी नव्वदी पार करून ते गेले. आम्ही तेव्हा बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होतो. त्या बातमीकडे आमचे लक्षही गेले नाही.

आता प्रश्न उरतो तो आपल्या रागाचा. आयोगाच्या अहवालाने सीमाभागाला झालेले दुःख खरे आहे आणि ते मी पुसू पाहत नाही. पण छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे एक सवय लागली आहे. कोणाच्याही खात्याचा एकच व्यवहार बघून मत बनवायचे नाही, पूर्ण खातेउतारा बघायचा. कुंझरूंच्या खात्यात आपल्या दृष्टीने नावे बाजूला एक मोठी रक्कम आहे. जमेच्या बाजूला माझ्यासारख्या असंख्य मुलांची पहाटेची परेड आहे, आणि खेड्यापाड्यातून सैन्यात अधिकारी झालेली मुले-मुलीही आहेत. हे खाते शिल्लक दाखवते की तूट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र येत्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एनसीसी दिनाला, नातवंडे गणवेश चढवून निघाली की त्यांना हे नाव जरूर सांगावे, आणि दोन्ही बाजूंसकट सांगावे.