विश्लेषण : जैन बोर्डिंगमधून काढलेला विद्यार्थी ‘कर्मवीर’ कसा झाला?

मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे. या संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन होते, हे अनेकांना ठाऊक नसते. जुन्नर-आंबेगावात जैन म्हटले की बाजारपेठेतील व्यापारी आठवतो. भाऊरावांचा समाज मात्र नांगर धरणारा होता.

हा शेतकरी जैन समाज कोणता?

कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागांतील अनेक खेड्यांत दिगंबर जैन पिढ्यान्‌पिढ्या शेती करतात. काही गावांची पाटीलकीही त्यांच्याकडे होती. गावातल्या जिनमंदिराला तिकडे बस्ती म्हणतात. या समाजाचे कर्नाटकाशी जुने नाते आहे. भाऊरावांचे घराणेही मूळचे मूडबिद्रीचे. नंतर ते सांगलीकडील ऐतवडे बुद्रुकला स्थिरावले. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला, आजोळी झाला. कुंभोजजवळचा बाहुबली डोंगर हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे.

बोर्डिंगमधून का काढले?

कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे बोर्डिंग सुटले. तेथील व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे पाहत. नंतर राजर्षी शाहू महाराजांनी भाऊरावांना आसरा दिला. पण मॅट्रिक काही झाले नाही.

डांबर प्रकरण काय होते?

१९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्लंडच्या राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासले गेले. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दबाव आला. ज्यांच्या बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही संधी होती. भाऊरावांनी तुरुंगातील छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

‘रयत’चे वेगळेपण काय?

त्या काळी बहुतेक वसतिगृहे जातवार होती. एका जातीचे वसतिगृह असले की शेजारच्या जातीचा गरीब मुलगा दाराबाहेर राहायचा. भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला भेट दिली.

याची किंमत घराने मोजली. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांना आपले मानले. धान्य संपले तेव्हा दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्याचा अर्थ काय?

१९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तेथे रुजली. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. भाऊरावांनी आपला समाज सोडला नाही. मात्र केवळ स्वतःच्या समाजापुरती संस्थाही काढली नाही. आज मंचरच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला जात आड येत नाही, यामागे साताऱ्यातली ती पंगत आहे.